आतबट्ट्याचं काम

“आतबट्ट्याचा धंदा हाय, गुरुजी!” असं म्हणून काका हात झटकायचे. बोटांना काही चिकटल्यासारखे.

हट्टा गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या या काकांचा हा शब्द लाडका. ज्यात घालायचं पुष्कळ आणि हाती काहीच लागत नाही, तो व्यवहार आतबट्ट्याचा, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. काका तो कुठंही लावायचे. शेळी पाळणं आतबट्ट्याचं, मोबाइल आतबट्ट्याचा. “जावयाला अक्कल शिकवणं तं लईच आतबट्ट्याचं. अक्कल बी जाती अन् जावई बी.”

आणि हाच माणूस हंगामात गावभर फुकट राबायचा. कुणाच्या शेतात हळद शिजवायचा कुकर लागला की काका हजर. कुकरच्या ड्रममधून एक हळकुंड काढायचं, खराट्याची काडी टोचायची. काडी सहज आरपार गेली की म्हणायचे, “झाली. काढा.” चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

आता सांगा, संशय येणार नाही? ज्याला शेळीतही घाटा दिसतो, तो उन्हात उगीच कशाला उभा राहील? मला वाटायचं, हे व्यापाऱ्याचे खबरे असणार. कुणाचा माल किती, कसा, सगळं बाजारात पोचवत असतील. कॉप्या पकडून पकडून माझी नजरच तशी झालेली.

एका वर्षी ते माझ्या शेतातल्या हळदीच्या ड्रमशी वाकले, तेव्हा मी चारचौघांत विचारलं, “काका, खबर कोणाला देता?”

त्यांनी हळकुंड परत ड्रममध्ये टाकलं. “अजून कच्ची हाय, गुरुजी,” एवढंच म्हणाले आणि गेले. मला वाटलं, चोर सापडला. हट्टानं हळद तशीच काढायला लावली. वाळल्यावर मोडून पाहिली, तर आत फिकट. व्यापाऱ्यानं हातही लावला नाही.

त्यानंतर काका कुणाच्याच कुकरकडे फिरकले नाहीत. पुढच्या हंगामात मी लाज गिळून त्यांच्या ओट्यावर गेलो. “चुकलं माझं, काका. चला.”

“राग न्हाई, गुरुजी. पण आता मी आलो तं लोकं माझ्यावर नजर ठेवतील. हळदीकडं कोण बघंल?”

“मग इतकी वर्षं काहून केलं?”

“कच्ची निघाली की वाईट वाटतं.”

“दुसऱ्याची असली तरी?”

“हळदीला काय ठाऊक, कोणाची हाय ते?”

पावसाळ्यात काका गेले. यंदा पहिला कुकर लागला, तेव्हा त्यांची फार आठवण झाली. मी काडी टोचली, शेतमालकानं टोचली, त्याच्या भावानंही टोचली. काडी जात होती, पण “काढा” म्हणायला कुणी धजेना. वाट बघता बघता हळदीचा गाळ झाला.