शिंगाड्याचा वेल आणि आमचं नाटक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार शाळेतल्या मेश्राम मॅडमचे आहेत. परवा तुमसरच्या बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला आणि त्यांनी सातवीत बसवलेलं नाटक आठवलं.

त्या सत्रात सगळं शिकणं गावच्या तलाव या विषयावर होतं. गणितही तलावाचं, निबंधही, आणि शेवटी नाटक. तालमीत मुलं सुतळीचे बनवलेले शिंगाड्याचे वेल उपटून टोपलीत टाकायची. ते चूक आहे, हे मला ठाऊक होतं. पण माझे बाबा शिंगाडे काढतात हे कुणाला कळू नये म्हणून मी गप्प राहिलो.

नाटकाच्या दिवशी गर्दीतून बाबाच ओरडले, "अरे पोट्टेहो, वेल कायले उपटून राहिले? पुढच्या खेपेले काय चिखल खासान?"

सारा मंडप हसला. माझे कान तापले. त्या हसण्यात आपुलकी होती, हे आज कळतं.

मॅडम म्हणाल्या, "दादा, वर या. शिकवा आमाले."

बाबांनी वेल हलकेच उलटवला, फळं तोडली आणि वेल परत पाणी म्हणून अंथरलेल्या निळ्या साडीवर सोडला. तसंच नाटक करून पुढे आम्ही तालुक्याच्या स्पर्धेत पहिले आलो.

पदवीनंतर मी मॅडमना पत्र लिहिलं: "मॅडम, तालमीतली चूक मला माहीत होती. बाबांचं काम लपवायला मी गप्प बसलो. काल नोकरीच्या पहिल्या अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी ‘तलावातले शिंगाडे काढतात’ असं लिहिलं."