कोपऱ्यातला दगडमासा

मामा रोज सकाळी मत्स्यालयाचं दार उघडत आणि बाकीचे दिवे लावण्याआधी कोपऱ्यातल्या टाकीसमोर उभे राहत. आत दगड, शेवाळ आणि कुठेतरी मासा. तो सापडल्याशिवाय पुढचं काम नाही. कधी डोळा दिसे, कधी वर वळलेल्या तोंडाची चीर. "आहेस होय," असं म्हणत आणि मग बटणं दाबत.

पहारेकरी विचारायचा, "काय मामा, भाडेकरू आहे की पळाला?"

"पळतोय कसला? तुझ्यासारखाच तो. एका जागी बसून पगार खातो."

दगडमासा तो. किनाऱ्यालगतच्या खडकांत, कपारीच्या तळाशी पडून राहणारा. डोकं थोराड, कातडीवर चामखिळी, गालांवर झिरमिळ्या, पाठीच्या काट्यांत विष. अंगावर शेवाळ उगवलं तरी झटकत नाही. मामांनीच त्याला एका ओहोटीला जाळीत धरून आणला होता.

लोक मात्र काचेला नाक लावून वैतागत. "दगड बघायला तिकीट काढलं का आपण?" मामा बोटाने दाखवत. बरेचजण दिसल्यासारखं करून पुढे सरकत.

नवे साहेब आले तेव्हा म्हणाले, "मामा, ही टाकी रिकामीच वाटते. केशरी, चपळ मासे सोडू इथे. याला हलवा."

हलवा म्हणजे मागच्या खोलीतली बादली, आणि बादली म्हणजे शेवट.

"दिसेल साहेब," मामा घाईघाईने म्हणाले. "मी दाखवतो ना."

त्याच दुपारी त्यांनी टाकीतले दगड काढले आणि तळाला पांढरी वाळू अंथरली. मासा दिसला. असा दिसला, की पोरं दारातूनच ओरडू लागली. साहेबांनी पाठ थोपटली. घरी जाऊन मामांनी ते मामीला दोनदा सांगितलं.

मासा वाळूत अंग पुरायला धडपडला. थर पातळ होता. मग नुसता पडून राहिला. काडीला कोळंबी लावून मामा तोंडाशी नेत. पूर्वी पापणी लवायच्या आत गिळायचा, आता तोंड उघडेना. लपून जगणाऱ्याला आपणच चव्हाट्यावर बसवलं, हे मामांना उमगलं. कुणाला न विचारता त्यांनी दगड परत ठेवले. मासा उघड्यावरच राहिला.

सुट्टीच्या दिवशी त्याला बादलीत घालून ते परत सोडायला त्याच खडकांकडे गेले. ओहोटी होती. पण बंदरातून उपसलेला गाळ तिथेच टाकत होते. कपारी बुजलेल्या, पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. मामा पुढच्या खडकापर्यंत गेले, त्याच्याही पुढच्यापर्यंत गेले. सगळीकडे तेच. भरली बादली घेऊन परत आले.

दोन दिवसांनी मासा मेला. केशरी मासे मामांनीच टाकीत सोडले. पहारेकऱ्याने चेष्टा बंद केली, आणि मामांना ते जास्त लागलं.

त्यानंतर मामा फार जगले नाहीत. कामावर जात, येत, खिडकीपाशी बसत. मामी म्हणायची, "अहो, एका माशापायी किती मनाला लावून घ्याल?"

"लावून कुठे घेतलंय? तो मला ओळखत तरी होता का?"

शेवटच्या दुपारी तिने ताट वाढलं आणि हाक मारली. मान न वळवताच ते म्हणाले, "ठेव झाकून. जेवतो मग."