नव्या खाचेची कॅसेट

गेमची कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी तो, दुकानातला माझा भागीदार, तिच्यात दोनदा फुंक मारायचा, मग ती शर्टाच्या बाहीला घासायचा आणि म्हणायचा, "आता नाही चालली तं मले सांग." बहुतेक वेळा चालायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तुम्ही साकोलीच्या बसस्टँडवर उतरला असाल, तर आमचं दुकान पाहिलंच असेल. अर्ध्यात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं टेबल, अर्ध्यात व्हिडिओ गेम. टीव्ही माझा, मशीन त्याची, बारा कॅसेटा दोघांच्या. पण 'माझी मशीन' असं तो कधी म्हणाला नाही. "आपली मशीन," म्हणायचा. बस चुकलेला एखादा म्हातारा धोतर सावरून खेळायला बसला, की हा मागे उभा राहून ओरडायचा, "बाबाजी, पळा! अरे, मेले ना तुम्ही!" आणि पुढचा डाव फुकट द्यायचा.

मग नागपुरात दुसऱ्या कंपनीची मशीन आली. सुट्टीत तिच्यावर खेळून आलेली पोरं आमच्या पडद्यावरच्या चौकोनी माणसाला हसू लागली. मी म्हटलं, "आपणबी आणू."

"तिची खाच अलग आहे. आपली एकबी कॅसेट तिच्यात जात नाही. बारा कॅसेटा काय धानाच्या बांधीत पेराच्या?"

मी पडलो रेडिओ मेकॅनिक. दोन तारा दिसल्या की त्या जुळणारच, असा माझा विश्वास. म्हटलं, "मधात जोड बसवतो. जुनी कॅसेट नव्या मशीनवर चालवून दाखवतो." दुसऱ्याच आठवड्यात त्याने नमुन्याला म्हणून नव्या मशीनची एक कॅसेट आणून दिली. कुठून आणली, हे मी विचारलं नाही. तिथेच मी बावळट ठरलो.

दोन महिने मी ती उघडून बसलो. तारा डाग देऊन जोडल्या, उचकटल्या, बोटं भाजून घेतली. तो रोज चहा आणायचा, वाकून पाहायचा. "काहून थांबला? कर. तुह्या हातात जादू आहे." खरं सांगतो, असं मला घरातही कोणी म्हटलं नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी रस्त्यापलीकडे गर्दी दिसली. हातातली पकड तशीच घेऊन मी पाहायला गेलो. इतके दिवस रिकाम्या असलेल्या दुकानात नवी मशीन मांडलेली आणि तिच्यासमोर कॅसेटमध्ये फुंक मारत तो.

"राग नको मानू भाऊ," म्हणाला. "लोकायले नवीनच पायजे."

वर चहा विचारला. पकड त्याच्या पडद्यावर फेकून मारावी, असा राग आला. ती खिशात घालून मी परतलो. आमच्या बारा कॅसेटा त्याने मागितल्यासुद्धा नाहीत.

त्याचंही फार दिवस चाललं नाही. भंडाऱ्याला त्याहून नवी मशीन आली, तिची खाच आणखी निराळी. दुकान बंद करून तो नागपूरला कामाला निघाला. जायच्या दिवशी पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. बस लागली होती. मी मान वर केली नाही.

"त्या जोडाचं सांगाचं होतं," तो म्हणाला. "तो होणारच नव्हता. नागपूरच्या दुकानदारानं मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

"मंग रोज चहा कायले आणत होता?"

त्याने पिशवी खांद्याला अडकवली. "तू टेबलावरून उठून नवी मशीन आणाले गेला असता, तं मले पलीकडं दुकान मांडता आलं नसतं."

कंडक्टरने घंटी मारली तसा तो धावला.

ती उघडलेली कॅसेट अजून माझ्या खणात आहे, माझ्या तारा लोंबत असलेली. दोघांचं दुकान मोडल्याचं आता फारसं वाटत नाही. पण जादूचं तो म्हणाला होता, ते तरी खरं होतं का, एवढं विचारायचं राहून गेलं.