गोगलगाईचा हात

शहरातले लोक तिला गोगलगाय म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. सायकलवरून शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना ती आपणहूनच सांगायची, "मला गोगलगाय म्हणतात. ज्याला माझ्यापुढे जायचंय त्याने आत्ताच जावं. पण पुढे जाऊन माझीच वाट बघत बसावं लागेल." पाहुणे हसत, सायकलींच्या सीटा वरखाली करून घेत आणि रांग बंदराच्या फाटकातून बाहेर पडे.

चौदा किलोमीटरला ती चार तास लावायची. जुनी तटबंदी, जकातीची पडकी कचेरी, वखारींची अरुंद गल्ली, कालव्यावरचा पूल, पलीकडे उपनगरातली बैठी घरं, मिठागरं आणि शेवटी दीपगृह. शहर तळहातासारखं सपाट. चढ म्हणावा तर त्या पुलाचा, तोही गप्पा मारत चढण्याइतका. तटबंदीशी ती सगळ्यांना उतरवायची आणि दगडातल्या एकेका खळग्यात बोटं घालायला लावायची. "हे तोफगोळ्याचे. एका सकाळी इथे तीनशे माणसं कापली. पाण्यावर रक्ताचा तेलासारखा तवंग होता म्हणतात." हे ती इतक्या संथपणे सांगे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आधी येई आणि अर्थ मागाहून कळे.

सव्वीस वर्षं तिने टपाल वाटलं होतं, सायकलवरच. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन हा उद्योग काढला. रांगेच्या पुढे ती, शेवटी तिचा धाकटा भाऊ. तोही आता पन्नाशीचा. सायकली दुरुस्त करणं, पंक्चर काढणं, मागे राहिलेल्यांना सांभाळून आणणं त्याच्याकडे. एका कानाने त्याला ऐकू येत नसे. तो कान वडिलांनी फोडला होता.

वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर दोन खोल्या. हवा मारायच्या पंपाशेजारी खिळ्याला जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा टांगलेला असे. ट्यूबने मारलं की कातडी फुटत नाही, वळ मात्र आठवडाभर जात नाहीत. डबा सांडला, पाना जागेवर नाही, गिऱ्हाईक वाकडं बोललं, कोणतंही निमित्त चाले. आई जिन्याच्या वरच्या पायरीवर पदराने तोंड दाबून उभी राही, ब्रही काढत नसे. भावाचा कान फुटला त्या दिवशी वडिलांनी ट्यूब नाही वापरली, उघडा हात वापरला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि रक्त कॉलरमध्ये उतरेपर्यंत रडला नव्हता.

ती सोळा वर्षांची असताना वडिलांनी पुन्हा भावावर हात उगारला आणि तिने तो मनगटात पकडला. पिरगळला. आत कुठेतरी काडी मोडल्यासारखा आवाज झाला. वडील गुडघ्यावर आले. तिथेच सोडून द्यायला हवं होतं. तिने आणखी पिरगळला, कारण त्यांचा चेहरा वेडावाकडा होताना बघणं तिला आवडत होतं. पोटात ऊब पसरावी तसं काहीतरी झालं. वडिलांनी नंतर कुणावर हात टाकला नाही, पण ती त्या उबेला घाबरली ती कायमची. तेव्हापासून ती सगळं हळू करू लागली. हळू बोलायची, हळू जेवायची, रागाचा ठणका उठला तर सायकल काढून समुद्राच्या कडेने दोन तास फिरून यायची. लग्न तिने केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणे, "माझ्या वेगाने चालणारा भेटला नाही."

ते घडलं सकाळी, दहाच्या सुमारास. रांगेत सहा पाहुणे होते, त्यांत एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. वखारींच्या गल्लीत दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. मागून व्हॅन आली. हा व्हॅनवाला बंदरावरच्या पाहुण्यांना दोन तासांत शहर दाखवून परत सोडायचा, आणि सायकलींवर त्याचा जुना राग होता. तिच्या रांगेमागे रांगावं लागलं की त्याचा पारा चढे. एकदा त्याने सायकलींच्या चाकांतली हवा सोडली होती, एकदा मास्तरांसारख्याच एका म्हाताऱ्याच्या अंगावर थुंकला होता. तिने दोन्ही वेळा गिळलं होतं.

त्याने हॉर्न दिला, मग दाबूनच धरला. भावाचा ऐकू येणारा कान नेमका भिंतीकडे होता आणि हॉर्नचा आवाज दगडांवर आपटून चारी बाजूंनी येत होता. तो कुठे सरकावं हे न कळून वळून बघायला लागला, तेवढ्यात व्हॅनने धक्का दिला. सायकल आडवी झाली. व्हॅनचं पुढचं चाक त्याच्या नडगीवरून गेलं.

तिने वळून पाहिलं तेव्हा व्हॅनवाला खाली उतरला होता. भाऊ जमिनीवर पाय धरून होता आणि व्हॅनवाला त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. "बहिरा आहेस का? ऐकू येत नाही?" प्रत्येक शब्दाला एक लाथ.

तिने सायकल टाकली, कॅरियरवरच्या पिशवीतून मोठा पाना काढला आणि रांगेच्या कडेने चालत गेली. पळाली नाही. मास्तरांनी नंतर कोर्टात तेच सांगितलं, की बाई चालत गेल्या. पहिला घाव तिने त्याच्या कोपरावर घातला. तो किंचाळून फिरला आणि डाव्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा ओठ फाटला, एक दात हलला. दुसरा घाव जबड्यावर बसला आणि तो व्हॅनच्या चाकाशी कोसळला. भांडण तिथे संपलं होतं. तो हात वर करून काहीतरी म्हणत होता, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. तिने तो हात बाजूला सारला आणि पुन्हा मारलं. मग पुन्हा. गालाचं हाड पिचलेलं तिला पान्यातून हाताला कळलं. चाळीस वर्षांनी तीच ऊब पोटात पसरली.

मास्तरांच्या बाईंनी मागून तिच्या कमरेला मिठी मारली. चण एवढीशी, पण सोडेनात. "पुरे, अहो पुरे. तो मेला तर तुम्हीही मेलात."

पाना तिच्या हातातून काढायला दोघे लागले. बोटं उघडत नव्हती.

व्हॅनवाल्याचा डावा डोळा गेला. जबडा तारेने बांधावा लागला. भावाच्या पायात सळई घातली, दोन बरगड्या मोडल्या होत्या. पोलीस ठाण्यात फौजदाराने विचारलं, "किती वेळा मारलंत?"

"दोन वेळा मारायची गरज होती," ती म्हणाली. "पुढचे मोजले नाहीत."

"हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

वकिलाने कपाळावर हात मारला. "बाई, जिवाच्या भीतीने मारलं म्हणा. साक्षीदार आहेत, ओठ फाटलेला आहे. सुटाल."

"भीती नव्हती हो मला."

व्हॅनवाल्याला दीड वर्षाची कैद झाली, तिला आठ महिन्यांची. भाऊ पहिल्यांदा भेटायला आला तो कुबडी घेऊन. जाळीच्या अलीकडे-पलीकडे दोघं बसली. तिला वाटत होतं तो आभार मानेल, निदान बरं केलंस म्हणेल. पुढच्या अंगणात बायका कपडे वाळत घालत होत्या, त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "ताई, तो लाथा मारत होता तेव्हा माझे डोळे उघडे होते. मिटले ते तू मारायला लागलीस तेव्हा."

"का?"

"बाबा दिसले. ओठ तसेच आत ओढलेले. घाईसुद्धा नाही."

त्या कान फुटलेल्या पोरासाठी आपण हात उचलला होता, असं ती इतके दिवस स्वतःला सांगत आली होती. आठवडाभर तिला अन्न गेलं नाही.

तुरुंगातही मारामाऱ्या होत्या. नळावर रांगेत उभी असताना एका दांडगट बाईने तिला केस धरून सिमेंटच्या कठड्यावर आपटलं. कपाळ फुटलं. ती उठली, पाठ भिंतीला लावून खाली बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसून राहिली. ती बाई आणखी दोन लाथा घालून, कंटाळून निघून गेली. तासभर तिने हात बाहेर काढले नाहीत. ते भीतीने नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुटून आल्यावर तिने फेऱ्या पुन्हा सुरू केल्या. भावाला पॅडल मारता येत नव्हतं, तो वडिलांच्या जुन्या दुकानात बसून सायकली बघे. दोघं एका ताटलीतून खात होती तशीच खात राहिली, पण ती चिडून काही आपटू लागली की त्याचा हात जागच्या जागी थांबे, आणि ते तिला दिसे.

पुढच्या वर्षी बंदराच्या फाटकाशी तिकिटांच्या टपरीत व्हॅनवाला बसलेला दिसला. गाडी चालवायला आता त्याला परवानगी नव्हती. ती सायकल हातात धरून त्याच्याकडे चालत गेली. तो दचकला नाही, तिला वाटलं ओळखलं नसावं.

"समोरून या," तो म्हणाला. "या बाजूचं मला दिसत नाही."

ती समोर आली. तो तिच्याकडे बघत राहिला. जबडा एका बाजूला कललेला होता.

"तुम्ही पडला होतात, नंतर मी मारलं," ती म्हणाली. "ते मारायला नको होतं. आधीच्या दोन घावांबद्दल काही म्हणत नाही."

"तुमचा भाऊ चालतो का?"

"लंगडतो."

त्याने मान हलवली आणि खिडकीची फळी ओढून घेतली. तिने सायकल वळवली. फाटकाशी पाहुणे जमायला लागले होते, त्यांच्यातली एक बाई सीट खाली करून मागत होती.