बांधाकडेचा सुरुंग

एकाहत्तरची लढाई थांबली, पण आमच्या इंजिनिअर कंपनीचं काम संपलं नव्हतं. जिंकलेला मुलूख परत द्यायचा ठरला होता. तिथे आम्ही पुरलेले सुरुंग आम्हीच काढायचे, असा हुकूम आला.

मी सेक्शनचा नाईक, उंब्रजचा. माझ्या हाताखाली सॅपर, म्हणजे कंपनीतला साधा जवान, योहान आवळे होता, आष्ट्याजवळच्या एका वाडीचा, ख्रिस्ती. आमची भरती एकाच दिवशी झालेली, त्यामुळे मी नाईक झालो तरी तो मला बाळूच म्हणायचा. पोरं त्याला पाद्री म्हणायची. तो कधी कुणाला उपदेश करायला गेला नाही. कुणाला ताप आला की त्याची ड्यूटी करायचा. संडास साफ करायचं काम निघालं की हा सगळ्यांच्या आधी उभा. एकदा मी चिडवलं, "काय रं पाद्री, देवाची परेड हाय व्हय ही?"

"व्हय की. देवाचं ऐकायचं म्हंजी नुसतं कान कामाचं न्हाईत गड्या, हातपाय हलवायला लागत्यात."

लय हसलो होतो आम्ही तेव्हा.

त्या दिवशी सकाळी सहाला काम सुरू झालं. रान सरहद्दीपलीकडच्या कुणा शेतकऱ्याचं, पेरणीवाचून पडलेलं. त्यात माणसासाठीचे छोटे सुरुंग होते. हातात प्रॉडर, म्हणजे लोखंडी सळई. ती मातीत तिरकी खुपसत गुडघ्यांवर पुढे सरकायचं. दीड वाजता काम उरकलं. हवालदारांनी नोंद ताडून पाहिली. माझ्या ओळीत एक सुरुंग कमी होता.

तो कुठे आहे ते मला तिथल्या तिथे कळलं. पुरताना वरून तोफा चालू होत्या. शेवटच्या सुरुंगाला खाली दगड लागला, म्हणून मी तो चार पावलं बाजूला, बांधाकडेला पुरला. आणि ओळीतच आहे म्हणून सांगून टाकलं. आता खरं बोललो असतो तर त्या दिवसापासूनची मंजूर रजा गेली असती. तीनची गाडी स्टेशनला निघणार होती. माझं पोरगं सात महिन्यांचं झालं होतं आणि मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"शेलिंगमध्ये उडाला असंल," मी म्हणालो.

"मग तसंच लिवतो," म्हणत हवालदारांनी पेन काढलं.

योहान पुढे आला. "साहेब, समदे काढायचा हुकूम हाय. उद्या हितं कुणाचा तरी नांगर फिरंल."

"दुश्मनाचा नांगर! तुला काय रं त्येचं?" मी खेकसलो.

"त्येलाबी पोरंबाळं असतील की." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "बाळू, तू समदे ओळीतच पुरलं हुतंस न्हवं?"

"व्हय म्हनलं ना!"

त्याने विश्वास ठेवला. हवालदारांना विचारून तो एकटा परत रानात गेला. मी बिस्तरा बांधत होतो. हाक मारावी असं दहादा वाटलं. जीभ उचलली नाही. त्याने ओळ शेवटपर्यंत तपासली, आणि बांधाला धोका नाही या भरवशावर वर चढायला गेला. दोन वाजून वीस मिनिटांनी स्फोट झाला.

हवालदार वायरलेसवाल्यावर ओरडले, "मेडिकलला कॉल दे! एक कॅज्युअल्टी, सीरियस."

स्ट्रेचर यायच्या आत तो माझ्या मांडीवर गेला.

चौकशीत मी तेच खोटं परत सांगितलं. कागदावर आलं की सॅपर आवळे निष्काळजीपणे ओळ सोडून गेला. मी त्याच भागातला, म्हणून रजेवर जाताना त्याची ट्रंक घरी पोचवायला मलाच धाडलं.

त्याचे वडील दुसऱ्यांच्या मळ्यात राबायचे. ट्रंक त्यांनी उघडली नाही. म्हणाले, "फौजेच्या पत्रात लिवलंय, चूक त्येची हुती म्हनून. लहानपनापास्नं जपून वागायचं पोरगं ते."

माझा धीर सुटला. "न्हाई वो बाबा. माजी हुती." सगळं सांगितलं. "मारा मला," म्हणालो.

त्याची आई उठून आत गेली. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. म्हाताऱ्याने ट्रंकेवरची धूळ हाताने पुसली. मग विचारलं, "आता ते रान मोकळं हाय का?"

"व्हय."

"मग त्येचं काम झालं. तुजं ऱ्हायलंय. मला सांगून काय उपेग? तुज्या साहेबाला सांग."

"भ्या वाटतंय, बाबा."

"वाटंल की. जा."

उंब्रजला दोन रात्री राहिलो. पोराला मांडीवर घेतलं, बायकोच्या हातात दिलं आणि रजा मोडून निघालो. कंपनी कमांडरांनी उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं. "लिहून दे. पूर्ण." एवढंच म्हणाले. मला कैद झाली, नायकी गेली. योहानच्या कागदावरचा निष्काळजीपणाचा शेरा खोडून तिथे 'ड्यूटीवर असताना मृत्यू' असं लिहिलं गेलं.

गावात नवखा माणूस विचारतो, इतकी वर्षं फौजेत काढून तुम्ही साधे सॅपरच कसे राहिलात? घरचे विषय बदलायला बघतात. मी बदलू देत नाही. त्याला बसवून घेतो, योहान आवळेचं नाव सांगतो, आणि तो सुरुंग मी कुठे पुरला होता ते सांगतो.