शेपूचा भाव पाडायला गेलो

बायको गेल्यापासून मला भाजी महाग मिळते.

मला हे कळलंच नव्हतं. सून रेखानं माझ्या मोबाईलात खर्च लिहायची सोय करून दिली. (चहा घेतला, लिहा. बिडी घेतली, लिहा. शिंकलो तेवढं फुकट!) महिना संपला तसा तिनं कपाळाला हात लावला.

"मामंजी, भाजीला सासूबाईंच्या दुप्पट पैसे घालताव की तुमी!"

"सांगितला भाव देतो. बाईमाणसाशी भांडू व्हय?"

"ह्यो महिना बघते. न्हाय जमलं तर पेन्शनीचं कार्ड माज्याकडं."

शिपायाची पेन्शन ती केवढी! पण माझी होती.

मग बायकोची, हिराची रीत आठवली. जन्मभर मी तिच्यामागं पिशवी धरून उभा, तेवढं तरी शिकलो होतो. भाव पाडून मागायचा. नाही म्हणाले की चालू लागायचं, मागं बघायचं नाही. पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्या हाकेला नाही. तिसऱ्या हाकेला भाव उतरतो. तशी ठसक्यात निघालेली तिची पाठ अजून डोळ्यांपुढं येते.

दुसऱ्या दिवशी मालन भाजीवालीपुढं उभा राहिलो. (मोबाईल हातातच. खर्च लगोलग लिहायचा हुकूम होता!) दोन्ही हातांनी शेपू उलटापालटा केला. पेंडी वीस रुपये. मी दहाला मागितली.

"न्हाय परवडत, काका."

निघालो!

"काका!" एक.

"ओ काका!" दोन. मनात लाडू फुटले.

"अवो काका, थांबा की!" तीन. वळणारच होतो, पण हाव सुटली. म्हटलं, आता पाचावर येतीय, दम धर! चौथी हाक, पाचवी हाक... पार अख्खी नवी पेठ मला हाका मारायला लागली. मी आपला मिरवणुकीतल्या पुढाऱ्यागत ताठ!

घरी पोचलो.

"शेपू कुटंय?" रेखा म्हणाली.

"उद्या फुकट देतीय बघ ती."

"मग आजचं शून्य लिवा."

खिसा चाचपला. मोबाईल नाही! रेखानं तिच्या फोनवरनं लावला, तर पलीकडं मालन.

"तुमचं म्हातारं बहिरं हाय का वो? शेपूवर मोबाईल ठिवून पळालं! घसा बसला माजा!"

रिक्षानं गेलो. जाऊन येऊन ऐंशी रुपये. मोबाईल घेतला आणि पेंडीही घेतली, मुकाट्यानं, विसाला.

"हिराला गं कशी दहाला द्यायचीस?"

"मावशींशी चार शब्द बोलल्याबिगर दिस चांगला जायचा न्हाय, म्हून हाका मारायची मी. भावाचं काय घिऊन बसलाव, काका!"

मला तिथं उभं राहवेना. दवाखान्यात मीही हाका मारल्या होत्या हिराला. तीनपेक्षा लई जास्त. वळली नाही.

घरी रेखानं हिशेब घातला. "शेपू वीस, रिक्षा ऐंशी. मामंजी, कार्ड."

दिलं. शंभराला शेपूची पेंडी आणणारा माणूस काय तोंडानं बोलणार? आता माझ्याकडं फक्त भाजी निवडायचं काम आहे. ते मी अगदी मन लावून करतो. मग रेखा ती परत निवडते!