फार्माचे मराठी आणि शेवंताबाईंचे रान

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आपण संतापून घरी यावे, दाराशी चप्पल काढता काढता "आज काय झाले ठाऊक आहे का!" म्हणावे, ऐकणाऱ्याने खो खो हसावे आणि आपल्या संतापाचा त्याच्या लेखी किस्सा व्हावा, असे ते होते. माझ्याकडे असे पुष्कळ साठले आहेत. त्यांतले बरेचसे शाळेतले नाहीत. शाळेच्या कुंपणापलीकडच्या सरकारी शेतकी फार्मातले आहेत.

संस्थान नुकतेच विलीन झाले होते. सोनपेठच्या रस्त्यावरील एका गावी मी मुलींच्या शाळेवर होते. शाळेतून उर्दू जाऊन मराठी आली होती आणि फार्मातही तसेच व्हावे, असा हुकूम निघाला होता. फार्माचे साहेब शेतकीचे पदवीधर. माती, ज्वारी, खत यांवरचे अगदी ताजे संशोधन त्यांना इंग्रजीत तोंडपाठ! ते इंग्रजीत सांगत, जमादार कासिमभाई ते उर्दूत उतरवून घेत, कचेरीतला कारकून त्याचे मराठी करी आणि ते मराठी तपासायला माझ्याकडे येई. तपासणे म्हणजे काय, तर मी लाल शाईने दुरुस्त करायचे आणि साहेबांनी माझी दुरुस्ती खोडायची!

०

पहिल्याच उन्हाळ्यात साहेबांनी शिवारात ठिकठिकाणी खड्डे खणवले. खड्ड्याच्या कडेला मातीचे थर दिसतात, त्यांवरून जमिनीचा कस आणि खोली कळते. गोष्ट साधी, परंतु ती गावाला सांगावी, असे एकाही अधिकाऱ्याला वाटले नाही. सरकारी माणसे रानात खणतात आणि मूठभर माती पिशवीत बांधून जपून नेतात, एवढेच गावाने पाहिले. गावाने आपला निष्कर्ष काढला: विलीनीकरणाच्या धामधुमीत कुणीतरी डबोले पुरले आहे!

साहेब मोजमापाला आले, तो कमरेइतका खड्डा पुरुषभर खोल झालेला. ते कासिमभाईंवर ओरडले, "हा काय प्रकार आहे?"

कासिमभाई म्हणाले, "साब, यहाँ की मट्टी बहोत मेहनती है. खुद को खुदीच खोद ले रई!"

सगळे हसले. मी हसले नाही. मी विचारले, "साहेब, खणण्यापूर्वी चावडीवर एक वाक्य बोलला असतात तर?"

"बाई, संशोधन चावडीवर होत नसते."

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्याच्याविषयी एवढेच बरे बोलता येईल.

०

शेवंताबाई माझ्या शेजारच्या. लहानपणी अंगावर देवी उठल्या, त्यांत त्यांचा एक डोळा गेला. पती वारल्यावर फार्माच्या बांधाला लागून असलेले रान त्या स्वतः कसत. जिभेला अशी धार, की बाजारात त्यांच्याशी भाव करायला माणसे बिचकत.

ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, त्या रोगाचे पुस्तकी नाव काणी. आमच्याकडे त्याला काजळी म्हणतात. पत्रकात मी ‘काणी’ खोडून ‘काजळी’ केले. साहेबांनी ‘काजळी’ खोडून पुन्हा ‘काणी’ केले. मग सोनपेठच्या आठवडी बाजारात दवंडीवाल्याने डफडे वाजवून खड्या आवाजात पुकारले, "काणी दिसताच उपटावी व जाळून टाकावी होऽ!"

समोरच शेवंताबाई मिरच्या विकायला बसल्या होत्या. एका डोळ्याच्या बाईला लोक काणी म्हणतात, हे साहेबांना ठाऊक नसेल, बाजाराला होते. सगळा बाजार मान वळवून त्यांच्याकडे पाहू लागला.

शेवंताबाई उठल्या. पदर खोचला. "कोन जाळायलाय मला? ये की म्होरं! काड्या आनल्यास, का माझ्याजवळच्या दिऊ?"

दवंडीवाला डफडे टाकून पळाला! ते डफडे सबंध आठवडा शेवंताबाईंच्या ओसरीवर होते आणि ते मागायला यायची कुणाची छाती झाली नाही.

प्रमाण भाषेचा आग्रह माझ्याइतका कुणी धरला नसेल. परंतु ज्या शब्दाने निरोप पोचत नाही आणि बाईचा मात्र भर बाजारात अपमान होतो, तो शब्द प्रमाण कशाचे?

०

काजळी टाळायची तर पेरणीपूर्वी बियाण्याला गंधकाची पूड चोळावी, असे संशोधनाने ठरवले होते आणि ते अगदी खरे होते. पत्रकात मूळ वाक्य असे: "गंधक बियाण्याच्या सर्वांगास चोळावे." छापताना ‘बियाण्याच्या’ हा एक शब्द गळला. ते पत्रक माझ्याकडे तपासायला आलेच नव्हते, हे मी येथे स्पष्ट करते.

त्या साली गावात खरजेची साथ होती. सरकार फुकट औषध वाटते आहे, असे समजून लोकांनी पत्रकाचे तंतोतंत पालन केले!

दोन-तीन दिवसांनी साहेब तणतणत शाळेत आले. "बाई, पेरणी अजून लांब आहे आणि गोदामातले सगळे गंधक संपले. गेले तरी कुठे?"

मी खिडकीतून वर्गाकडे बोट केले. मानेपासून घोट्यापर्यंत पिवळ्याधमक मुली ओळीने बसल्या होत्या.

म्हटले, "ते पाहा, पाढे म्हणते आहे."

०

पुढच्या वर्षी साहेबांना पांढऱ्या सरकारी खताचा प्रयोग एखाद्या शेतकऱ्याच्या रानात करायचा होता. अर्ध्या रानाला खत द्यायचे, अर्धे तसेच ठेवायचे आणि दोन्हीकडची ज्वारी तोलून पाहायची. गावात कुणी रान देईना. शेवंताबाई म्हणाल्या, "माझं घ्या. पर रानात पाटी लावाल, तिच्यावर माझं नाव लिवा."

नाव कशासाठी हवे, ते गाव जाणून होते. त्यांचे दीर गणपतराव देवगाव फाट्याकडे राहत. भाऊ वारल्यापासून "रान माझं हाय, वहिनी निस्ती राखनीला" असे ते सांगत फिरत. तहसीलदारांकडे त्यांनी तसा दावाही लावला होता. पीक उभे राहिले की तहसीलदार स्वतः बांधावर येणार होते आणि रान कुणाचे, ते सगळ्यांसमक्ष विचारणार होते. तेवढ्या एका रानावर शेवंताबाईंचे पोट होते.

फलक रंगून आला. त्यावर ठळक अक्षरांत: शेतकरी, गणपतराव!

मी तशीच फार्मावर गेले. साहेब म्हणाले, "नमुन्यात ‘शेतकरी’ असे आहे. शेतकरी हा शब्द पुल्लिंगी आहे, बाई."

मला व्याकरण! मी म्हणाले, "साहेब, ‘जनावर’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून गाय दूध द्यायची थांबते का?"

कासिमभाईंना एकाएकी खोकला आला आणि ते बाहेर गेले. साहेब लाल झाले. त्यांनी दिराचे नाव खोडले. परंतु शेवंताबाईंचे लिहिले नाही. "वाद चालू असताना कुणाचेच नाव नको," म्हणाले. जिने रान दिले तिला तोंडदेखल्या न्यायाने असे पुसून टाकले! मी आजही ते विसरलेले नाही.

कोरा फलक रानात उभा राहिला. शेवंताबाई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बाई. कंबर कुनाची मोडायलीय ते पाटीला तरी दिसंल."

०

पेरणीपूर्वी रानाचे दोन भाग आखले, एका भागात खत टाकले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो दुसऱ्या भागात भिवा धनगराच्या मेंढ्या निवांत रवंथ करत बसलेल्या! मेंढ्या बसवलेल्या रानाला वेगळे खत लागत नाही, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. एरवी भिवा त्याबद्दल धान्य घेई.

साहेब धावत आले. "सगळा प्रयोग बिघडवलास!"

भिवा हात जोडून म्हणाला, "सायेब, त्या अंगाला तुमी सरकारी मीठ टाकलं. ह्ये अंग उपाशीच बघितलं, जीव तुटला. बाईमानसाचं रान, म्हनून फुकट बसवल्या."

"अरे, ते उपाशीच ठेवायचे होते!"

"लय पाप लागतंय, सायेब!"

साहेब कासिमभाईंकडे वळले. "तुम्ही पहाऱ्यावर होतात ना? सांगितले का नाही यांना?"

"बोल्या था साब. पन मेंढ्यां को अंग्रेजी नईं आती ना!"

०

साहेबांना रानाच्या दुसऱ्या टोकाला नवी आखणी करावी लागली. पुन्हा कुणी दयाबुद्धीने खत घालू नये, म्हणून त्यांनी बिनखताच्या भागात मोठा फलक रोवला. शास्त्रात अशा भागाला जे नाव आहे तेच त्यावर देवनागरीत आणि उर्दूत लिहिले: ‘कंट्रोल’.

मी म्हणाले, "साहेब, ‘तुलनेचा पट्टा’ लिहा. आमच्या भागात कंट्रोल म्हणजे लेव्ही. ज्याच्या रानाला कंट्रोल लागले, त्याची ज्वारी सरकारजमा. हा शब्द ऐकला की लोक घरातली पोती लपवतात."

"बाई, ही जगन्मान्य संज्ञा आहे. जग तुमच्या सोनपेठेवर चालत नाही."

त्या दिवशी वर्गात माझ्या हातून तीन खडू मोडले.

कणसे भरली आणि तहसीलदार आले. बरोबर लेव्हीचे दोन शिपाई होते. ते पुढच्या गावी जायचे म्हणून गाडीत बसून आले होते. बांधावर सारे गाव लोटले. सगळ्यांच्या पुढे नवा पटका बांधून गणपतराव. शेवंताबाई मागे, हातात विळा. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

तहसीलदारांनी रानाकडे हात केला. "हे रान कुणाचे?"

गणपतरावांनी तोंड उघडले. तेवढ्यात त्यांची नजर साहेबांच्या मोठ्या फलकावर गेली. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचले. मग शिपायांकडे पाहिले. मग पुन्हा फलकाकडे.

"माझं न्हाई, सायेब," ते म्हणाले. "वहिनीचं हाय."

"मग तुमचा दावा?"

"त्यो... समजुतीचा घोटाळा झाला, सायेब. पयल्यापासून वहिनीचंच रान. वहिनीच कसायलीय. मी कशाला खोटं बोलू?"

साहेब लगबगीने पुढे आले. "एक मिनिट! कंट्रोल म्हणजे येथे असे आहे की..."

"साब, धूप बहोत है. पैले पानी पीओ," असे म्हणून कासिमभाईंनी भरलेला तांब्या त्यांच्या तोंडालाच लावला.

मागून शेवंताबाईंचा आवाज आला.

"भावजी, जरा मोठ्यानं बोला की. मागच्या मानसांना आयकू गेलं न्हाई!"